कुडाळ ते परळ: गोळी बंद असतानाचा प्रवास

आठ-दहा वर्षांचं मूल, एसव्हीटीचं (हृदयाच्या विद्युत-वाटेतल्या दोषामुळे ठोके एकदम फार वेगाने पडू लागतात, तो आजार) निदान झालेलं, आणि ईपी तपासणी (हृदयात नळ्या घालून ती वाट शोधणं) व अॅब्लेशनसाठी (ती वाट उष्णतेने किंवा थंडीने बंद करणं) मुंबईत परळच्या रुग्णालयाची तारीख मिळालेली. कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून दादर. या तपासणीत धडधड मुद्दाम सुरू करून तिची वाट शोधतात, म्हणून ठोके आवरणारी गोळी काही दिवस आधीच थांबवतात. म्हणजे ज्या रात्री मूल गाडीत असतं, नेमक्या त्याच रात्री त्याच्यामागे औषधाचा आधार नसतो. सगळी तयारी हे धरूनच करायला हवी.

गोळी कधी थांबवायची ते तपासणी करणारे डॉक्टरच सांगतील, तेही तारीख पक्की झाल्यावर. महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर मंजुरी आधी येऊ द्या. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्याला) आधीच दाखवून ठेवा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: गोळी बंद केलेली असते आणि तारीख आठवडाभर पुढे जाते. तसं झालं तर त्याच दिवशी फोन करून गोळी पुन्हा सुरू करायची का ते विचारा.

फाइलमध्ये धडधड चालू असताना काढलेला ईसीजी सगळ्यात वर हवा. डॉक्टरांसाठी तो इतर दहा कागदांपेक्षा मोलाचा. ती पट्टी थर्मल कागदाची असेल तर हळूहळू पुसट होते, आणि लॅमिनेशन केलं तर उष्णतेने काळी पडते. झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटोही ठेवा. पिशवीत सुईशिवाय 10 मिलीची सिरिंज, पाणी, ओआरएस, मुलाचं वजन लिहिलेली चिठ्ठी. प्रवासात सर्दी झाली तर नाक मोकळं करणारं औषध स्वतःहून देऊ नका, त्यातल्या काहींनी ठोके वाढतात.

खालचा बर्थ घ्या. दोघं मोठी माणसं असाल तर पाळीपाळीने झोपा. एकट्याने रात्रभर टक्क जागून सकाळी डॉक्टरांचं बोलणं डोक्यात शिरत नाही. धावत्या गाडीत मनगटाची नाडी सापडत नाही, आणि बोटावरचं यंत्र हादऱ्यांमुळे भलतेच आकडे दाखवतं. मुलाच्या छातीला डाव्या बाजूला कान लावा. दर ठोक्याला कागदावर पेनाने एक ठिपका, 15 सेकंद. मग ठिपके मोजून चारने गुणा. 200 च्या आसपास ठोके तोंडाने मोजता येत नाहीत, ठिपके मात्र मारता येतात. निजलेल्या मुलाचे एकदम 180 च्या वर गेले तर ते भीतीने वाढलेले नव्हेत.

धडधड सुरू झाली तर मुलाला अर्धवट बसवा. सिरिंजच्या तोंडातून जोरात फुंकायला सांगा, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, 15 सेकंद. लगेच पाठीवर आडवं करून दोन्ही पाय 45 अंश उचलून धरा, आणखी 15 सेकंद. पुष्कळदा फसतं ते इथेच: फुंकणं आणि आडवं करणं यांत वेळ जातो. घरी चारपाच वेळा खेळ म्हणून सराव करून घ्या, म्हणजे गाडीत मूल घाबरणार नाही. थोड्या अंतराने दोन-तीनदा करा. डोळे दाबणं, मान चोळणं अजिबात नको.

वीस मिनिटांत थांबलं नाही तर उतरायची तयारी. मूल पांढरं पडलं, घाम फुटला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर वीस मिनिटंही थांबू नका. टीसीला सांगा, रेल्वेच्या 139 ला फोन करा, पुढच्या स्थानकावर 108 ची रुग्णवाहिका बोलवा. कुठे उतरायचं हे आधीच ठरलेलं हवं. कणकवली बरं, गाव स्थानकाला लागून आहे. राजापूर रोड, विलवडे, आडवली इथे उतरून हाल होतात. रत्नागिरी स्थानक शहराबाहेर असलं तरी सिव्हिल हॉस्पिटल आहे. निर्णय रत्नागिरीतच घ्या, कारण पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो आणि बराच वेळ फोन लागत नाही. त्यानंतर सावर्डे, तिथून डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ. मग चिपळूण, पनवेल.

रुग्णालयात अॅडेनोसिन (धडधड थांबवणारं इंजेक्शन) देतील. पहिला डोस किलोला 0.1 मिग्रॅ, कोपराजवळच्या शिरेतून झटकन, मागोमाग सलाइन. ते काही सेकंदांतच उतरतं, त्यामुळे हळू दिलं तर वाया जातं. त्या वेळी ईसीजी चालू ठेवा, एवढी विनंती जरूर करा. आणि मुलाला आधी सांगा: छाती क्षणभर दडपल्यासारखी होईल, मी हात धरून आहे.

दादरहून परळला फक्त धिमी लोकल थांबते; सामान आणि पेंगुळलेलं मूल असताना टॅक्सीच बरी. केईएम आणि वाडिया शेजारी शेजारी आहेत, चालकाला नेमकं नाव सांगा. उपाशी ठेवण्याची वेळ विचारून लिहून घ्या, सहसा जेवण सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद.

अॅब्लेशनची नळी जांघेतून घालतात, म्हणून नंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून झोपवतात. परतताना जांघेत सूज किंवा रक्त दिसलं तर आडवं करून दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर 108. आठवडाभर धावणं, सायकल नको. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं काही आठवडे चालतं. लांबलेली धडधड मात्र वेळेसह लिहून ठेवा आणि कळवा. डिस्चार्ज कार्डावर कोणती वाट बंद केली, उष्णतेने की थंडीने, हे लिहिलंय का पाहा. नंतरचा ईसीजी मागून घ्या आणि लगेच झेरॉक्स काढा.