तुम्ही विचारलंत म्हणून : त्या दिवसाचे फोटो

"येलहंकाचे एवढे फोटो दाखवता, मग १९ फेब्रुवारी २०१९चे का नाही दाखवत?" हा पहिला प्रश्न. बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर एरो इंडिया हा विमानांचा शो भरतो; त्या दिवशी त्याच्या सरावात दोन विमानं एकमेकांना धडकली, आणि मी तिथे फोटो काढत होते. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "तसलं डोळ्यांदेखत झाल्यावर परत जाववतं कसं?" २१ नोव्हेंबर २०२५ला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, आणि त्या संध्याकाळपासून दोन्ही प्रश्न नव्याने सुरू झाले. एकदाच सगळं लिहून टाकते.

विमानांचं वेड कुठून लागलं, हे मात्र विचारू नका. मी नाशिकजवळच्या ओझरची. आमच्याकडे एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, विमान कारखान्याला अजून 'मिग'च म्हणतात. मिग-२१ तिथे बनली, नंतर सुखोई-३०. टेस्ट फ्लाइट डोक्यावरून गेली की शाळेत बाई वाक्य अर्धं सोडून थांबायच्या, आणि आवाज विरला की तिथूनच पुढे शिकवायच्या.

२०१९चा एरो इंडिया २० फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी सराव होता. सरावाला आम्ही तळाबाहेरच्या एका घराच्या गच्चीवर उभं राहतो, कारण तिथून सकाळचा प्रकाश पाठीमागून मिळतो. घरातल्या अज्जी आम्हाला ओळखतात. सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या पथकाची नऊ हॉक विमानं वर होती. मी नेहमीप्रमाणे शटर १/२००० ला, आकाश उजळ म्हणून एक्सपोजर थोडं वाढवलेलं, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला.

इथे लोक मला अडवतात. "विमानं पडताना दिसत होती, तरी कॅमेरा खाली ठेवला नाहीत?" अहो, दिसत कुठे होती! ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो. त्या तुकड्यात विमान धरून ठेवायचं, त्याच्या वेगाने कंबरेतून वळत राहायचं, एवढंच तेव्हा चाललेलं असतं. शिवाय लांब लेन्समध्ये मागचं-पुढचं अंतर दिसेनासं होतं. दोन विमानं एकमेकांना छेदून जातात तेव्हा ती प्रत्येक वेळी टेकल्यासारखीच दिसतात. तोच फोटो सगळ्यांना हवा असतो, मलाही हवा असायचा. त्यामुळे ती दोन खरोखर टेकली, तेव्हा माझ्या डोळ्याला वेगळं काहीच कळलं नाही. बोट बटणावरच होतं. शेजारचा मुलगा कन्नडमध्ये ओरडला, तेव्हा मी डोळा काढला आणि काळा धूर पाहिला.

मग पॅराशूटच्या छत्र्या दिसल्या. मी दोन मोजल्या. दोन विमानं, दोन छत्र्या. गच्चीवर कुणीतरी "वाचले, वाचले" म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी ते उचललं. अज्जींनी हात जोडले. मीही म्हणाले, वाचले. पण हॉक हे दोन आसनांचं विमान आहे. मागच्या आसनावर कुणी असतं, कुणी नसतं. हे मला माहीत होतं. गच्चीवर बहुधा मला एकटीलाच माहीत होतं. तरी त्या क्षणी मला तो हिशेब करायचा नव्हता. थोड्या वेळाने फोनवर बातम्या यायला लागल्या. त्या दोन विमानांत मिळून तिघं होते. दोघं वाचले. विंग कमांडर साहिल गांधी गेले.

त्याच दुपारी एका वृत्तवाहिनीचा फोन आला. त्यांना धडकेचा क्षण हवा होता. मी नाही म्हटलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं, माझे हात थरथरत होते आणि कार्ड उघडायची हिंमत नव्हती. रात्री उघडलं. धडकेचा म्हणावा असा फोटो माझ्याकडे नाहीच. आहेत ते त्याच्या आधीचे. मोठे करून पाहिले, तर काचेआड हेल्मेटं दिसतात. एका विमानात दोन. दुसऱ्यात एक.

हेच ते फोटो. मी ते दाखवत नाही.

याआधीची मी असती तर भांडली असती. तेव्हा मी तावातावाने म्हणायचे की आपण साक्षीदार आहोत, जे घडलं ते सगळं दाखवायचं, निवडून चांगलंच दाखवणं म्हणजे जाहिरात. त्या बाईला आजही मला पुरतं उत्तर देता येत नाही. तिचं म्हणणं खोटं नाही. अपघातांचे फोटो चौकशीला उपयोगी पडतात, हेही खरं. पण या फोटोंत चौकशीला लागेल असं काही नाही. आपलं काम नेटकं करत असलेला एक माणूस आहे, आणि पाहणारे त्याच्याकडे फक्त पुढे काय झालं म्हणून पाहणार.

आता परत जाण्याबद्दल. "माणसं मरतात तो तमाशा बघायला जाता" असं मला तोंडावर म्हटलं गेलंय, आणि ते मला मान्य नाही. घारी येऊ नयेत म्हणून शोच्या दिवसांत येलहंकाच्या आसपास मांसविक्रीसुद्धा बंद ठेवतात, इतक्या बारीक काळजीने हे उभं राहतं. २०१९चा एरो इंडिया दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सुरू झाला आणि राफेल साहिल गांधींना मानवंदना म्हणून मुद्दाम संथ उडालं. मी ते पाहिलं, फोटोही काढले. दुबईत मात्र अपघातानंतर अमेरिकेच्या एफ-१६च्या चमूने आपलं शेवटचं प्रात्यक्षिक रद्द केलं आणि बाकीची उड्डाणं झाली. उडणाऱ्यांचंच यावर एकमत नाही, तर गच्चीवरून पाहणाऱ्या मी काय निकाल द्यायचा? सकाळच्या दमट हवेत सुखोई वळलं की पंखांवर क्षणभर पांढरी वाफ धरते. ती मला अजूनही पाहायची असते. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही, आणि कधीकधी हे पुरेसं नाही असंही वाटतं.

एक बदल झालाय. छेदून जाणाऱ्या विमानांचा तो फोटो मी आता घेत नाही. त्या वेळी कॅमेरा उतरवते आणि नुसत्या डोळ्यांनी पाहते. डोळ्यांना मधली जागा दिसते.

ते फोटो मी पुसलेले नाहीत. साहिल गांधींच्या घरच्यांनी मागितले तर त्याच दिवशी देईन. पण त्यांना कसं कळावं की ते माझ्याकडे आहेत? आपणहून कळवणं हा त्यांचा हक्क जपणं ठरेल की जखम उकरणं, हे मला ठरवता आलेलं नाही. पत्र दोनदा लिहायला घेतलं. पुढे गेलं नाही.