चाकासाठी बेअरिंग: स्वस्त की महाग?

विजेवर चालणारे मातीकामाचे चाक घरीच बनवू पाहणारे लोक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात: ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग विनाछाप डबीत अगदी कमी किमतीत मिळते, नामांकित कंपनीचे त्याच्या कित्येक पट पडते आणि ‘जादा अचूकतेचे’ त्याहूनही महाग असते, तर घ्यावे कोणते? माझे उत्तर असे की मधले घ्यावे, आणि महागड्या बेअरिंगवर घालणार असलेले पैसे लेथवाल्याला द्यावेत.

कोणत्याही कंपनीच्या ६२०५ चा आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२ मिमी आणि रुंदी १५ मिमी असते, आणि चांगल्या मालाची गतिक भारक्षमता, म्हणजे फिरत असताना भार सोसण्याची ताकद, सुमारे १४ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १४०० किलो असते. चाकाची थाळी, माती आणि हाताचा दाब मिळून ५० किलो भार धरू. तो दांड्याच्या दिशेने येतो म्हणून हिशेबात सावधपणे दुप्पट, १०० किलो घेऊ. क्षमतेला भाराने भागले की १४ येतात. त्यांचा घन २७४४, आणि तितके दशलक्ष फेरे होईपर्यंत शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे टिकावीत, असे आयुर्मानाचे सूत्र सांगते. मिनिटाला १५० फेऱ्यांनी हे तीन लाख तास होतात, म्हणजे रोज आठ तास चाक फिरवले तरी शंभर वर्षे. क्षमता निम्मी असलेल्या बेअरिंगचे आयुष्य एक अष्टमांश होते. तरीही तेरा वर्षे हाती उरतात.

मग विनाछाप का नको, असे तुम्ही म्हणाल. भाराने थकून मरण्याची पाळी आपल्या चाकातल्या बेअरिंगवर येतच नाही. ते मरते मातीच्या राबडीने. तिचे बारीक कण पाण्याबरोबर आत शिरले की ग्रीसचे रूपांतर पॉलिशच्या लेपात होते आणि छर्रे आपलीच वाट खरवडू लागतात. म्हणून किमतीआधी झाकण पाहावे. ‘झेडझेड’ लिहिलेल्या बेअरिंगला पत्र्याची झाकणे असतात व ती आतल्या कड्याला टेकत नाहीत. ‘टूआरएस’ची रबरी ओठ असलेली झाकणे टेकतात, आणि त्यांच्यामुळे होणारा किंचित अडथळा इतक्या मंद गतीला जाणवतही नाही. विनाछाप मालात नेमके हे रबर सैल बसलेले किंवा ग्रीस हात आखडून भरलेले सापडते, शिवाय जुने बेअरिंग धुऊन, घासून नव्या डबीत भरलेले निघण्याचीही धास्ती असते. डबीवर ‘सी३’ असेल तर छर्रे आणि कडी यांच्यामधली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे असे समजावे. तापणाऱ्या मोटरला ती हवी असते, आपल्याला नको.

अचूकतेचे म्हणाल, तर या मापाच्या साध्या दर्जाच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याला १३ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) डगमग चालते आणि ‘पी५’ दर्जाला ४ मायक्रॉन. इकडे थाळीचा फ्लँज, म्हणजे थाळी जिच्यावर बसते ती चकती, दांड्याला एक दशांश अंशाने जरी तिरका बसला, तरी १५० मिमी त्रिज्येवर कड पाव मिलीमीटरहून जास्त वरखाली होते. ९ मायक्रॉनसाठी जादा पैसे मोजून २६० मायक्रॉन तसेच ठेवण्याला मी हौस म्हणेन, काटेकोरपणा नव्हे. फ्लँज दांड्यावर बसवून मगच लेथवर त्याचे तोंड घासून घ्यावे. हजारो फेऱ्यांनी फिरणारा लाकूडकामाच्या राउटरचा किंवा लेथचा स्पिंडल (मुख्य दांडा) ही वेगळी गोष्ट; तिथे महाग बेअरिंग आपली किंमत वसूल करते.

ज्यांच्याकडे बेअरिंग बसवायची घरे लेथवर कातून घेण्याची सोय नाही, त्यांनी साध्या ६२०५ ऐवजी घरासकट मिळणारे, चार बोल्टांचे ‘यूसीएफ २०५’ घ्यावे. त्याचे बाहेरचे कडे गोलाकार असल्यामुळे दांड्याची दोन बेअरिंगे धरणाऱ्या वरखालच्या दोन पट्ट्या थोड्या कमीजास्त झाल्या तरी ते स्वतःला सरळ करून घेते. साधे बेअरिंग असा तिरकेपणा जवळजवळ सोसत नाही. मात्र सगळे वजन त्याच्या दांडा पकडणाऱ्या बारीक स्क्रूंवर न टाकता दांड्याला खांदा, म्हणजे जाडीतली पायरी, काढून घ्यावा.

बसवताना ठोके घट्ट बसणाऱ्या कड्यावरच द्यावेत. ते छर्ऱ्यांमधून गेले की वाटेत खळगे पडतात आणि सर्वांत महाग बेअरिंगही पहिल्याच दिवशी कुरकुरू लागते. चौकटीचे वेल्डिंग बेअरिंग बसवण्यापूर्वी उरकावे, कारण अर्थिंगचा चिमटा दुसऱ्या बाजूला असेल तर विद्युतप्रवाह छर्ऱ्यांमधूनच वाट काढतो व तिथे बारीक चट्टे पाडतो. एवढे करून खिशात खरोखरच थोडेच पैसे असतील, तर निदान वरचे बेअरिंग चांगल्या कंपनीचे घ्यावे, कारण पाणी आधी तिथे पोचते, आणि त्याच्या वर दांड्याला एक घट्ट रबरी चकती चढवावी, म्हणजे ओघळ दांड्यावरून खाली न उतरता बाहेर फेकला जाईल. खालचे स्वस्तातले चालेल.