पटावरची नावं

दहावी होऊन २५ वर्षं झाली की कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतं. पहिल्या आठवड्यात पस्तीस-चाळीस जण जमतात, सुप्रभातच्या फुलांचा पाऊस पडतो आणि मग यादी अडते. साठांच्या तुकडीतली उरलेली वीस कुठे गेली? इथून पुढचं काम चिकाटीचं. खरं तर संमेलन याच शोधाशोधीत होऊन जातं, हॉलवर जेवायला जमतात तो त्याचा शेवटचा दिवस.

न सापडणाऱ्यांत मुली जास्त. आडनाव बदललेलं, काही घरांत नावही बदललेलं, त्यामुळे फेसबुकवर कितीही शोधा, हाती काही लागत नाही. त्यांचा माग भावाकडून लागतो. तो बहुधा त्याच शाळेत दोन-तीन वर्षं मागेपुढे असतो आणि त्याच्या बॅचचाही ग्रुप असतोच. मात्र त्यानं बहिणीचा नंबर दिला तरी तो ग्रुपवर टाकू नये. आपला नंबर तिच्यापर्यंत पोचवावा. यायचं की नाही ते तिला ठरवू द्यावं.

ग्रुपवरची आठवण संपली की शाळेच्या ऑफिसात जावं लागतं. जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हे शाळेनं कायम जपायचं दप्तर. आपल्या दाखल्यावर जो रजिस्टर नंबर असतो, तो त्यातलाच. त्यात जात, जन्मतारीख असं सगळं असतं, म्हणून पानाचा फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. क्लार्क नावं वाचतात, आपण लिहून घ्यायची. जूनमध्ये मात्र फिरकू नये, तेव्हा प्रवेश आणि दाखल्यांची झुंबड असते. दिवाळीची सुट्टी संपली की ऑफिस जरा निवांत असतं. (दाखल्याच्या ‘वर्तणूक’ रकान्यात जवळपास सगळ्यांचंच ‘चांगली’ असतं, तेव्हा जुनी भांडणं त्या कागदांवरून मिटतील अशी आशा ठेवू नये.)

यादी घ्यायची ती आठवीची. दहावीची घेतली की बॅच फसलीच. दहावीची सोयीची असते, कारण निकालाचा कागद कुणाच्या तरी ट्रंकेत निघतो: बैठक क्रमांक, ७५० पैकी गुण, गणित-विज्ञानाचे दीड-दीडशे. पण ती चाळून उरलेल्यांची यादी. दहावीचा निकाल फुगलेला दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवणाऱ्या शाळा तेव्हा कमी नव्हत्या. कुणी इंग्रजीत गचकलं, कुणाच्या वडिलांची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी गॅरेजवर लागलं. नववीत राहिलेला मुलगा पुढच्या वर्षी खालच्या तुकडीबरोबर बसला, म्हणजे हक्कानं तो दोन बॅचचा. प्रत्यक्षात दोघंही त्याला बोलवत नाहीत. प्रत्येकाला वाटतं, तो ‘त्यांचा’ असेल.

ही मंडळी फॉरवर्ड केलेल्या आमंत्रणावर येत नाहीत. फोन करावा लागतो, तोही मॉनिटरनं नव्हे, बाकावर शेजारी बसणाऱ्यानं. आणि वर्गातल्या निम्म्या गोष्टी यांच्याकडेच असतात. पुढच्या बाकावरच्यांची तेव्हा फळ्यावरचं उतरवून घ्यायची घाई चाललेली, खिडकीबाहेर काय चाललंय ते पाहिलं मागच्यांनी.

ग्रुप फोटो मिळाला की अर्धी लढाई जिंकली. पुढे मांडी घालून बसलेले, मग खुर्च्यांवर शिक्षक, मागे उभे आणि त्यामागे बाकांवर उभे. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये. दमट हवेत प्रिंटवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो आणि ओढलं की चेहरेच काचेवर राहतात. काचेसकट स्कॅन करावा, ६०० डीपीआयला. मोठी प्रिंट काढून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याला नंबर द्यायचा आणि नंबरांसमोर नावं भरत जायचं. ग्रुपवर ‘हा कोण?’ विचारलं की तीन उत्तरं येतात. वाद घालू नये, तिन्ही लिहून ठेवावीत. संमेलनाच्या दिवशी तो कागद भिंतीला लावला की लोक चहा विसरून तिथेच उभे राहतात.

तारीख डिसेंबरातला रविवार. फेब्रुवारी-मार्चमध्ये आता आपल्या मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, मेमध्ये लग्नं. छातीवरच्या कार्डावर शाळेतलंच नाव लिहावं, अक्षर इंचभर उंच. चाळिशी लागलेली असते आणि ती पिशवीत राहते.

हजेरी जुन्या पटाच्या क्रमानं घ्यावी, मुलींची माहेरच्या आडनावानं, शक्यतो वर्गशिक्षकांकडूनच. जे आता नाहीत त्यांची नावं वगळू नयेत. पण सरांच्या कागदावर आधी खूण करून ठेवावी, नाहीतर सर दोनदा हाक मारतात. त्या नंबराला शेजारी बसणाऱ्यानं उठून एक-दोन वाक्यं सांगायची: कधी गेला, घरी कोण आहे. कोपऱ्यात हार घातलेला फोटो मांडण्यापेक्षा हे बरं.

‘ओळखलंत का सर?’ या प्रश्नावर बंदी हवी. सरांच्या हाताखालून हजारो मुलं गेलेली. नाव, तुकडी, बाक, मोठी बहीण कुठल्या वर्षी होती हे आपणच सांगावं. सरांसाठी हातवाली खुर्ची, तळमजला, जवळ स्वच्छतागृह आणि साडेबाराला जेवण. गोळ्यांची वेळ असते. शाल-श्रीफळ ठीक, पण घरी सोडायला गाडी कोण नेणार ते आधी ठरलेलं असावं.

माइक हा खरा शत्रू. साठ जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे दोन तास. पहिले पाच जण दहा-दहा मिनिटं बोलले की फ्लॅट, पॅकेज, मुलांचे टक्के यातच जेवणाची वेळ येते आणि मागच्या बाकांना माइक मिळतच नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न द्यावा: कुठल्या बाकावर बसत होतात आणि शेजारी कोण? शेजारी लगेच ‘साफ खोटं!’ म्हणून उठतो आणि मग खरी गंमत सुरू होते.

वर्गणी आधी घ्यावी, ताटं सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमीच सांगावीत, हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर टाकावा. उरलेल्या पैशांतून शाळेला काय द्यायचं हे मुख्याध्यापकांना विचारलं तर ते भिडेखातर ‘काहीही द्या’ म्हणतात आणि मग बॅचच्या नावाचं तिसरं भिंतीवरचं घड्याळ येतं. शिपायांना विचारावं. ते सांगतात, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलीय आणि पाण्याच्या टाकीला झाकण नाही.