हॅमस्ट्रिंग फाटल्यावर खो-खोतला स्पीड परत कसा आला, माझा अनुभव

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुली आणि मुलं दोघंही जिंकले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, आमच्या मैदानावर नुसता उत्साह, आणि मी घरी, कारण उजवी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ग्रेड टू म्हणजे अर्धवट फाटलेली. पाठलाग करताना खांबाच्या अलीकडे फुल स्पीडमध्ये असताना मांडीच्या मागे कचकन झालं आणि बसलेच.

दुखणं तसं लवकर गेलं. जिना चढता यायचा, जॉगिंग व्हायचं, सगळे म्हणायला लागले झालं की आता, ये खेळायला. पण खो मिळाल्यावर उकिडव्या बसलेल्या जागेवरून जे झटक्यात सुटायचं असतं ना, तेच जमत नव्हतं! पहिलं पाऊल पडेपर्यंत समोरची मुलगी निघून गेलेली असायची.

फिजिओ मॅडमनी नीट समजावलं म्हणून मी टिकले. जोरात पळताना पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी हॅमस्ट्रिंग ताणलेली असते आणि त्याच वेळी पुढे जाणाऱ्या पायाला ब्रेक लावत असते. सगळ्यात जास्त लोड तेव्हा येतो, आणि तो येतो फक्त फुल स्पीडच्या जवळपास. म्हणजे ग्राऊंडला कितीही राऊंड मारा, स्नायूची त्या लोडसाठी तयारी होतच नाही.

सुरुवात ब्रिजने, म्हणजे पाठीवर झोपून कंबर वर उचलायची, मग हलक्या वजनाने डेडलिफ्ट, म्हणजे वजन हातात धरून कमरेतून वाकून उठायचं, मग नॉर्डिक. गुडघ्यावर उभं राहायचं, बहीण मागून घोटे घट्ट दाबून धरणार आणि आपण सरळ अंगाने हळूहळू पुढे जायचं, जमेल तितका वेळ पडायचं नाही. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून यायच्या की खाली बसताना आई गं व्हायचं. पण ताणलेल्या अवस्थेतली ताकद ह्यानेच वाढली.

पळणं आधी चढावर, कारण चढावर टॉप स्पीड येत नाही आणि हॅमस्ट्रिंगवर ताणही कमी येतो, पण जोर मात्र पूर्ण लावता येतो. नंतर सपाटीवर, आधी साठ-सत्तर टक्के, मग हळूहळू नव्वदच्या पुढे. सोबत बसल्या जागेवरून उठून फक्त पाच मीटर, तेवढंच, परत परत.

आणि विश्रांती! वीस मीटर जीव तोडून पळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चक्क उभं राहायचं. मैदानावर एका सिनियरला हा आळस वाटायचा, रोज ऐकवायचे, मी ऐकून घेतलं आणि उभीच राहिले. दमलेल्या पायांनी पळून दम वाढतो, स्पीड नाही वाढत, आणि दुखापत झालेला पाय दमला की परत फाटायची भीती असतेच.

बहिणीने मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढले ते फार कामाला आले. त्यात स्पष्ट दिसायचं की उजवा पाय डाव्याइतका पुढे जातच नाहीये, मला पळताना हे अजिबात जाणवत नव्हतं. आणखी एक टेस्ट म्हणजे पाठीवर झोपून सरळ पाय झटकन वर उचलायचा. दुखत नसलं तरी मनात धाकधूक झाली तर मॅडम सांगायच्या, अजून नाही. त्या टेस्टला मी बरेच दिवस अडकले होते आणि खरं सांगते, रडू यायचं.

पोल डाईव्ह, म्हणजे खांब धरून समोरच्या खेळाडूवर झेप घेणं, सगळ्यात शेवटी सुरू केली, कारण अंग पुढे झोकलेलं, पाय मागे लांब, मांडीला अचानक ताण. आधी चालत, मग अर्ध्या स्पीडने, मग मॅचसारखी.

आता फुल मॅच खेळते, बसल्या जागेवरून पहिल्यासारखी सुटते. नॉर्डिक आठवड्यातून दोनदा चालूच आहे, आणि प्रॅक्टिस हलकी असली तरी दर आठवड्याला थोडे तरी फुल स्पीड स्प्रिंट मारतेच. ज्यांची हॅमस्ट्रिंग आत्ता फाटलीये त्यांनी प्लीज दुखणं थांबलं म्हणून थेट मॅचला उतरू नका, आधी चांगला फिजिओ गाठा.