मे-जूनमध्ये श्रीलंका: अर्धा देश कोरडा, अर्धा पाण्यात

निकाल आधी सांगतो, कारण कारणं वाचेपर्यंत बरेच जण ॲडव्हान्स भरून मोकळे होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचं असेल तर बेशक जा, पण पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जा. कोलंबो, गॉल, मिरिसा, हॅटन हा पश्चिम-दक्षिणेचा पट्टा त्या दिवसांत पैसे देऊन भिजण्याचा आहे. आणि श्रीपाद, म्हणजे ॲडम्स पीक हा यात्रेचा डोंगर, मेच्या मध्यानंतर नाहीच. कोणी कितीही गोड बोललं तरी नाही.

आम्ही २०२५ च्या मे अखेरीला निघालो. नवतपा टाळायचा आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्याचा फायदा घ्यायचा, असा सरळ हिशेब. शिवाय आईला अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायचा होता. दीक्षाभूमीवरचं रोप तिथूनच आलेलं, त्यामुळे आमच्याकडे ही इच्छा जुनी. नागपुरातल्या ज्या ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, तिथं काय, बाराही महिने सेम वातावरण असते. आता ऑफ सीझन हाय, हॉटेल अर्ध्या भावात देतो.” अर्ध्या भावाचं खरं निघालं. तो भाव अर्धा काहून आहे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. आणि बेत आखून दिला तो नेमका उलटा: आधी कोलंबो, मग हॅटन, श्रीपाद, नुवारा एलिया, आणि कोरडा भाग शेवटी थोडासा.

नकाशावर पाहा. अख्खा देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा. आपला विदर्भ याहून बराच मोठा, सुमारे ९७ हजार. एवढ्याशा बेटावर हवामान किती वेगळं असणार, असं कोणालाही वाटेल. पण मधोमध, जरा दक्षिणेला, दोन-अडीच हजार मीटर उंचीचे डोंगर उभे आहेत. पिदुरुतलागला हे सगळ्यात उंच शिखर २,५२४ मीटरचं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे या डोंगरांवर आदळतात आणि पश्चिमेचा उतार झोडपून काढतात. पलीकडे उतरताना त्यांच्यात पाणी उरलेलं नसतं, पूर्वेला नुसता कोरडा वारा येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे येतात आणि पाळी उलटते: त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना भिजतात आणि गॉलला ऊन पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हींच्या मधला काळ, तेव्हा सगळीकडेच पाऊस, वर बंगालच्या उपसागरातली वादळं. म्हणजे “श्रीलंकेला कधी जावं” हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या बाजूला कधी, असं विचारा, आणि विचारल्यावर समोरचा अडखळला तर दुसरं दुकान शोधा.

त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच पोचला होता, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. त्याच्या वाटेत श्रीलंका आधी लागते. आम्ही हॅटनला उतरलो तेव्हा स्टेशनच्या पत्र्यावर इतका आवाज होता की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं.

आता श्रीपाद. उंची २,२४३ मीटर, नल्लथन्निया गावाकडून सुमारे सात किलोमीटर चढ, पायऱ्या पाच हजारांहून जास्त. वर मोठं पाऊल उमटलेलं आहे. बौद्धांसाठी ते बुद्धाचं, हिंदूंसाठी शिवाचं, मुसलमान आणि ख्रिश्चनांसाठी आदमचं. यात्रेचा मोसम डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होतो आणि मे महिन्याच्या वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेला, संपतो. २०२५ मध्ये वेसाक १२ मेला होती. मोसम संपला की या डोंगराचा रक्षक देव सामन, त्याची मूर्ती आणि अस्थिधातू खाली पेलमदुल्लाच्या विहारात नेतात, वाटेवरचे दिवे बंद होतात, चहाच्या टपऱ्या उठतात. ही माहिती तिथल्या शेंबड्या पोरालाही असते. आमच्या कागदावर मात्र ‘रात्री २ वाजता दिव्यांच्या माळेतून नयनरम्य चढाई’ असं छापलेलं होतं.

दिवा एकही नव्हता. हेडटॉर्चच्या उजेडात फक्त पाऊस दिसत होता. आईला आणि धाकटीला गेस्टहाऊसवरच ठेवलं होतं. मी, बायको आणि मेव्हणे असे तिघे. चढण म्हणून ही अवघड नाही हे स्पष्ट सांगतो. ज्याने श्रावणात पचमढीचं नागद्वार केलंय त्याचे पाय इथे कुरकुरणार नाहीत. वाटेतल्या जपानी पॅगोडापर्यंत तर रमतगमत जाता येतं. सीता गंगुला ओढ्यानंतर पायऱ्या उभ्या होतात, आणि तिथून पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. शेवाळ नाही, चिखल नाही, सरळ वाहतं पाणी, घोट्यापर्यंत. पायरी कुठे संपते ते दिसत नाही, पायाने चाचपडत जायचं. शेवटच्या टप्प्यात लोखंडी कठडा आहे तो दोन्ही हातांनी धरून चढलो, कारण वारा आडवा ढकलत होता. रेनकोट फाटला. मी तर म्हणतो इथे पोंचो आणूच नका, वाऱ्यात तो अंगावर राहत नाही. जॅकेट आणि पँट अशी वेगळी जोडी हवी.

वर पोचल्यावर: दाराला कुलूप. पाऊल कुलुपाआड. सूर्योदय नाही, दरी नाही, ढगाच्या आत पांढरा अंधार. शिखराची जी त्रिकोणी सावली ढगांवर पडते म्हणतात ती पाहायला लोक येतात, आम्हाला स्वतःची सावलीही दिसली नाही. आडोशाला उभं राहून ओल्या पिशवीतले शंकरपाळे खाल्ले आणि उतरायला लागलो. उतरणं चढण्याहून वाईट. बायको दोनदा घसरली, मेव्हण्यांचा गुडघा सुजला आणि पुढचे दिवस ते प्रत्येक पायरी बघून सुस्कारा टाकत होते, आणि श्रीलंकेत पायऱ्या काही कमी नाहीत.

जळवांचं वेगळं सांगतो. मोज्यातून आत येतात. पायजमा मोज्यात खोचून वरून साबण घासा, मीठ पावसात वाहून जातं. चिकटली तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवा.

आणि लूट. हॅटनहून नल्लथन्नियाला मस्केलियामार्गे बस जाते, पण स्टेशनबाहेर रिक्षावाले एकजात सांगतात की पावसामुळे बस बंद आहे. बंद नव्हती, आम्ही रिक्षात बसल्यावर ती आम्हाला ओलांडून गेली. आमच्या रिक्षावाल्याने मागितले त्यांचे १२ हजार रुपये, बसलो ८ हजारात. तेव्हा आपला एक रुपया म्हणजे त्यांचे साडेतीन, हिशेब करून घ्या आणि मग आकड्याने घाबरू नका, पण फसूही नका. मग गेस्टहाऊसवर समजलं की ऑफ सीझनमध्ये गाइड “सक्तीचा” आहे. तो आमच्यासोबत निघाला, पॅगोडापर्यंत आला आणि पुढे वाट सरळ आहे म्हणून परत गेला. त्या रात्री चढणारे जे दोन परदेशी भेटले त्यांच्याकडे गाइड नव्हता. पायथ्याशी एक गृहस्थ वही घेऊन बसलेले असतात, देणगीची वही. आधीच्या ओळींत मोठमोठे आकडे लिहिलेले. नमस्कार करून पुढे जा. देवळाला द्यायचंच असेल तर मोसमात येऊन पेटीत टाका.

इथपर्यंतचा देश माझ्या मनातून उतरला होता. मग आम्ही हॅटनहून एल्लाची गाडी धरली. नानु ओयापर्यंत खिडक्या बंद, काचांवर पाणी. पट्टीपोला हे त्यांच्या रेल्वेचं सगळ्यात उंच स्टेशन, सुमारे १,८९० मीटर. तिथे डब्यात धुकं शिरलं होतं. त्यापुढे एक बोगदा लागतो, तो मध्य प्रांत आणि उवा प्रांत यांच्या हद्दीवर आहे. बोगद्यातून बाहेर आलो आणि ऊन. अक्षरशः ऊन, निळं आकाश, वाळत घातलेले कपडे. डब्यातले सगळे हसायला लागले. मी त्या क्षणी इतका खूश होतो की त्या भरात एल्लाला राहण्याचे दिवस वाढवले, आणि आजही तुम्हाला तेच सांगतो: वाढवा. उवाच्या चहाचा सगळ्यात चांगला माल जुलै ते सप्टेंबरमध्ये निघतो तो याच कोरड्या वाऱ्यामुळे. जे वारं अलीकडे आम्हाला कठड्यावरून उडवत होतं तेच पलीकडे चहाला वास आणतं.

(ही गाडी धरण्याआधी एक चौकशी करा. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने त्या डोंगराळ भागात प्रचंड पूर आणि दरडी आणल्या, शेकडो माणसं गेली, रेल्वेमार्गाचंही बरंच नुकसान झालं. कुठून कुठवर गाडी चालू आहे हे विचारूनच हॉटेल पक्कं करा.)

पुढचं थोडक्यात, कारण सगळं नीट झालं. पोलोन्नरुवा छान. त्रिंकोमालीला समुद्र शांत, नीलावेलीची वाळू स्वच्छ, कोणेश्वरम देऊळ कड्यावर, आई खूश, पोरं पाण्यातून निघेनात. पावसाचा थेंब नाही.

सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याला मात्र वारा. साधारण बाराशे पायऱ्या, त्यातल्या वरच्या लोखंडी जिन्यांवर जूनचा वारा टोपी ठेवत नाही. दार उघडताच आत शिरा. दहानंतर खडक तापतो. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत असते, पण खिडकीवरचा माणूस स्वतःहून देत नाही. पासपोर्ट आधी पुढे करा, मग पैसे काढा. झेरॉक्स घेऊन गेलात तर पूर्ण तिकीट भराल.

अनुराधपूरचं ऊन नागपूरकरासाठी काहीच नाही, तेहतीस-चौतीस. पण रुवनवेलीसाया स्तूपाच्या अंगणात चपला बाहेर काढून दगडी फरशीवर चालायचं असतं आणि दुपारी ती फरशी तळपाय भाजते. जाड मोजे न्या, मोज्यांना कोणी हरकत घेत नाही. पांढरे कपडे घाला, खांदे-गुडघे झाकलेले. आईला जय श्री महाबोधीसमोर, म्हणजे त्या बोधिवृक्षासमोर, किती वेळ बसायचं तेवढं बसू दिलं. त्या भागात जूनची पौर्णिमा म्हणजे पोसन: अशोकपुत्र महिंद मिहिंतलेला आला तो दिवस. रस्तोरस्ती फुकट जेवण वाढणारे दानसल मांडव असतात, वातावरण आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीसारखं, आणि खोल्या आदल्या महिन्यातच संपलेल्या. त्यासाठीच जायचं असेल तर बुकिंग बरंच आधी करा, ऐन वेळी नाही. मिहिंतलेला १,८४० पायऱ्या आहेत; मेव्हणे खालीच बसले.

मग नागपूरकराने जावं कधी? दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. मुलांची सुट्टी जुळते हे खरं, पण तो काळ दोन्ही बाजूंनी वाईट आहे, आणि दितवाही त्या काळाच्या शेवटीच, नोव्हेंबरअखेर आलं. नाताळात जायचं तर कोलंबो-गॉल-मिरिसा आणि श्रीपाद ठीक, त्रिंको नको, आणि भाव दुप्पट धरा. मिरिसाला देवमासे दिसतात ते डिसेंबर ते एप्रिल. मेनंतर कोणी “व्हेल सफारी” गॉलच्या बाजूला विकत असेल तर तो तुम्हाला उलट्या विकतोय. ऑगस्टमध्ये मिन्नेरियाच्या तळ्यावर हत्तींचे कळप जमतात, कँडीची पेरहेरा, म्हणजे मिरवणूक, तीही जुलै-ऑगस्टमध्येच. त्या दिवसांत कँडीत खोली मिळवणं म्हणजे ओळख लागते. याला नावाच्या अभयारण्याचा मुख्य भाग सप्टेंबरच्या सुमारास बंद ठेवतात, तेव्हा आधी विचारा. १३-१४ एप्रिलला त्यांचं नवं वर्ष, दुकानं बंद, बसवाले गावी. तसंही १४ एप्रिलला आमच्यासारखे लोक नागपूर सोडत नाहीत.

जवळपास अख्खं बेट एकाच फेरीत पाहायचं तर मध्य फेब्रुवारी ते मार्चअखेर, दुसरं काही नाही. परीक्षा आडव्या येतात. लहान वर्गातल्या पोरांची शाळा बुडवा, दहावी-बारावीवाले असतील तर त्यांना आजीकडे ठेवा.

आणि उन्हाळ्यातच जमत असेल तर हा क्रम धरा: नागपूर-चेन्नई रेल्वेने, चेन्नईहून कोलंबोचं विमान, विमानतळावरूनच थेट अनुराधपूर. कोलंबोत रात्र काढू नका. मग मिहिंतले, सिगिरिया, पोलोन्नरुवा, त्रिंको, आणि वेळ उरला तर बदुल्लाच्या बाजूने एल्ला. पश्चिमेला परतताना शेवटच्या दिवशी भिजाल तेवढंच. शाकाहारी असाल तर पोल संबोळ या नारळाच्या चटणीत उंबलकड म्हणजे सुका मासा असतो, ऑर्डर देतानाच “उंबलकड नको” म्हणा. शहरात रिक्षा पिकमी ॲपवरून घ्या. गावात ॲप चालत नाही, तिथे बसायच्या आधी भाव ठरवा, आणि बस बंद आहे असं कोणी म्हणालं तर दहा मिनिटं थांबून बघा.