आईच्या माणसांची तिथी

माझ्या आईचे आईवडील आणि मोठा भाऊ १९४२ साली ब्रह्मदेशातून निघाले ते मुंबईला पोचलेच नाहीत. कुठे गेले, कधी गेले काहीच कळलं नाही, त्यामुळे आमच्याकडे त्यांची तिथी नाही, फोटोला हार नाही. नव्वदीला टेकल्यावर आईने पहिल्यांदा तोंडातून काढलं की माझ्या माणसांचं काहीतरी करा गं. ते कसं केलं ते लिहितेय कारण अशी घरं अजून असणार.

आजोबा रंगूनला रेल्वेत क्लार्क. २३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि बायकामुलांना बोटीने हलवायची घाई सुरू झाली, आई पाच वर्षांची, तिला तिच्या मावशीबरोबर कलकत्त्याच्या बोटीत बसवलं, आजी म्हणाली मी यांना टाकून येणार नाही आणि मामा पण तिच्याजवळच राहिला. ८ मार्चला रंगून पडलं. मग लाखो हिंदुस्थानी माणसं चालत निघाली, कोणी प्रोमवरून तौंगुप घाटाने आराकानात, कोणी मंडालेवरून कलेवा, तामू करत इंफाळ आणि पुढे दिमापूर. वाटेत कॉलरा, मलेरिया, हगवण आणि मे महिन्यानंतर वरून पाऊस.

आई आणि तिची मावशी मुंबईत गिरगावच्या चाळीत राहायच्या, तिथे एकच कार्ड आलं, मंडालेहून. शाई पसरलीय, शिक्क्यात मार्च एवढंच वाचता येतं. आजोबांचं बारीक दाबून लिहिलेलं अक्षर, पैशांच्या गोष्टी, सगळ्यांना नमस्कार, आणि खाली कोपऱ्यात अकरा वर्षांच्या मामाने पेन्सिलीने लिहिलंय, "माझ्या गोट्या खेळ पण हरवू नको." आईने ते कार्ड साड्यांच्या घडीत ठेवलं होतं, आम्हा भावंडांना माहीतच नव्हतं.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा असं शास्त्र आहे, पालाशविधी म्हणतात. पण आईच्या मावशीच्या यजमानांनी तो होऊ दिला नाही, म्हणायचे येतील ती. त्यांचं प्रेमच होतं त्यामागे, पण त्या आशेवर आईचं अख्खं आयुष्य गेलं.

मी आधी कागद शोधायला घेतले. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल म्हणून पोर्टल आहे, तिथे त्या काळच्या इंडियन्स ओव्हरसीज म्हणजे परदेशातल्या हिंदुस्थानींच्या खात्याच्या फाइली आहेत, त्या खात्याचे व्हाइसरॉयच्या मंडळातले मेंबर (मंत्र्यासारखे) तेव्हा आपले लोकनायक बापूजी अणे होते आणि ते स्वतः आसामात जाऊन निर्वासितांची परिस्थिती बघून आले होते. आडनावाची इंग्रजी स्पेलिंग सुचतील तेवढी टाकून बघितली, आमची माणसं मिळाली नाहीत. तुमचं माणूस फौजेत असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाका, तिथे रेजिमेंट आणि तारीख मिळण्याचा चान्स खूप जास्त आहे. चालत निघालेल्या साध्या क्लार्कची आणि त्याच्या बायकोपोराची नोंद कोण ठेवणार, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून मी फोनवर आईलाच रेकॉर्ड करायला लागले आणि खरं तर हे कागदांच्या आधी करायला हवं असं माझं ठाम मत झालंय. युद्धाचं विचारलं की ती गप्प, पण आजी जेवायला काय करायची विचारलं की बोलत सुटायची. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला तेव्हा गिरगावात ती कॉटखाली शिरली आणि आतून भावाला हाका मारत होती, हे असंच आमटीच्या गोष्टीतून निघालं.

आता विधी. एक गुरुजी फोनवरच म्हणाले इतक्या वर्षांनी कशाला. दुसऱ्यांनी नीट बसून ऐकून घेतलं, आधी पालाशविधी आणि मग श्राद्ध असा क्रम सांगितला. महिना माहीत असेल तर त्या महिन्याची अमावास्या धरतात, आमच्याकडे तोही नक्की नाही म्हणून सर्वपित्री. मुलीच्या मुलाला अधिकार असतो त्यामुळे माझा भाऊ बसला. गुरुजींनी मामाची मुंज झाली होती का विचारलं, मला कुठून माहीत असणार, पण आई पटकन म्हणाली झाली होती, रंगूनलाच, आणि भिक्षावळीतले लाडू त्याने मला दिले होते.

विधी मुंबईतल्या बाणगंगा तलावावर केला. तिथे सर्वपित्रीला तुफान गर्दी असते, म्हातारं माणूस नेणार असाल तर अगदी पहाटे जा आणि वाळकेश्वरच्या बाजूने पायऱ्या कमी कुठून पडतात ते आदल्या दिवशी बघून या. आम्ही खुर्ची नेली होती. भाऊ एकेकाचं नाव-गोत्र उच्चारत होता आणि आई प्रत्येक नाव त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणत होती, मामाच्या नावाला खूप रडली, कोणी तिला थांबवलं नाही.

कार्डाचा स्कॅन सगळ्या भाचरांना पाठवलाय, मूळ कार्ड आईच्याच कपाटात आहे. रेकॉर्डिंग अजून चालू आहे, सध्या ती सांगेल तसा रंगूनच्या घराचा नकाशा काढतोय, स्वयंपाकघर आणि जिना झालाय, मामाची खोली बाकी आहे.