कयाक घेतली, आता उतरवायची कुठे?

"कयाकला लायसन्स लागतं का?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, सोसायटीत विचारतात, एकदा तर एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर डिकीतली वल्ही बघून एका अनोळखी काकांनी पण विचारला. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

छोटं उत्तर असं की स्वतःच्या मजेसाठी, हाताने वल्हवायची, इंजिन नसलेली कयाक, म्हणजे एक-दोन जणांची अरुंद होडी, असेल तर आरटीओसारखा नंबर, पासिंग, पीयूसी असलं काही मला तरी आजवर कुणी मागितलेलं नाही. मागतात ते वेगळंच. "इथं उतरायची परवानगी आहे का तुमच्याकडे?" हा प्रश्न मात्र येतो, आणि तो शंभर टक्के येतो. म्हणजे आपल्याकडे बोटीपेक्षा पाणी कुणाचं आहे ते आधी शोधावं लागतं, आणि ते शोधणं वल्हवण्यापेक्षा जास्त दमवतं हे आधीच सांगून ठेवतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९१७ सालचा इंग्रजांच्या काळातला जुना कायदा जाऊन त्याच्या जागी २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला. त्यातला मोठा भाग इंजिनवाल्या बोटींसाठी आहे, रजिस्ट्रेशन, सर्व्हे, इन्शुरन्स, चालवणाऱ्याचं सर्टिफिकेट वगैरे. बिनइंजिनाच्या बोटींसाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्यात कुठल्या बोटींची नोंद करायची ते ठरवायचं काम राज्यांवर आणि स्थानिक पातळीवर सोडलंय. पण तुम्ही चार कयाक घेऊन लोकांकडून तासाचे पैसे घेणार असाल तर विषयच बदलतो. मग राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण लागू होतं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली, ट्रेन केलेली माणसं आली, इन्शुरन्स आला, खाडी किंवा समुद्र असेल तर राज्याची बंदरं बघणारं मेरीटाईम बोर्ड आलं. तो धंदा मी करत नाही त्यामुळे त्यावर ज्ञान पाजळत नाही.

आता पाणी कुणाचं. पुण्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पाणी म्हणजे धरण, आणि धरण म्हणजे बहुतेक वेळा जलसंपदा विभाग, ज्याला गावात अजून सगळे इरिगेशनच म्हणतात. भिंतीजवळ तर विचारूच नका, भिंत, सांडवा, दरवाजे या भागात बोट नेणं म्हणजे स्वतःहून पोलीस बोलावणं, आणि ते बरोबरच आहे, दरवाजे उघडले की त्या ओढीत वल्हं काय कामाचं. खरी मजा असते मागे, फुगवट्याच्या शेपटीत, जिथे नदी हळूहळू जलाशय होते. तिथे पाणी शांत, अरुंद, काठ जवळ, पक्षी भरपूर आणि भिंतीपासून दहा-पंधरा किलोमीटर दूर. परवानगीचा अर्ज उपविभागीय अभियंत्यांच्या नावाने करायचा. साध्या मराठीत, एक पान: आम्ही दोघं, बिनइंजिनाची फुगवायची बोट, अमुक तारखेला सकाळी सहा ते दहा, अमुक गावाच्या बाजूने, लाईफ जॅकेट घालून, भिंतीच्या बाजूला जाणार नाही, स्वतःच्या जबाबदारीवर. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. उत्तर येईलच असं नाही. एका ऑफिसातल्या क्लार्कने माझा अर्ज उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "साहेब, हे कुठल्या रजिस्टरला चढवू ते सांगा, मासेमारीला रजिस्टर आहे, शूटिंगला आहे, तुमचं नेमकं काय आहे?" शेवटी 'इतर' मध्ये चढलं. पण ती पोचेची शिक्क्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून बॅगेत ठेवली की वॉचमनशी बोलणं एकदम वेगळ्या सुरात होतं. पोच म्हणजे परवानगी नव्हे हे मला माहितीय, वॉचमनलाही माहितीय, पण चोरून आलेला आणि सांगून आलेला यात फरक करतात लोक.

काही पाण्यांच्या बाबतीत अर्ज कुणाला करायचा इथूनच घोळ. मुळशी, वळवण, शिरोता, ठोकरवाडी ही मावळ-मुळशीतली देखणी पाणी सरकारची नाहीत, टाटांची आहेत, वीज करायला बांधलेली. मुळशीविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला ते हेच धरण. तिथे काठावर पाट्या आहेत, सिक्युरिटी आहे, आणि इरिगेशनचा शिक्का तिथे दाखवून उपयोग शून्य. मुंबईकरांनी तानसा, मोडकसागर, विहार, तुळशीची स्वप्नं बघूच नयेत, ते मुंबईच्या पिण्याचं पाणी, महापालिकेचं, वर तानसा अभयारण्यात आणि विहार-तुळशी नॅशनल पार्कात. पवईला तर पाण्यात मगरी आहेत. खडकवासल्याला एका काठाला एनडीए, म्हणजे लष्करी प्रबोधिनी, त्या बाजूला बोटीचं तोंडसुद्धा वळवू नका.

कोयना म्हणजे सगळ्या मालकांचं संमेलन. शिवसागर जलाशय जलसंपदाचा, पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा, आणि भिंतीकडचा भाग शासकीय गुपिते कायद्याखाली प्रतिबंधित. या शेवटच्या कारणाने तिथे वॉटर स्पोर्ट्स कितीतरी वर्षं अडकून पडले होते, २०२४ मध्ये मुनावळ्याला सरकारी जलपर्यटन सुरू झालं. त्यातल्या त्यात सोपा रस्ता म्हणजे बामणोली, शेंबडी किंवा तापोळा. तिथे गावातल्या लोकांचे बोट क्लब आहेत, ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचीच पोरं बोटी चालवतात. तुम्ही आधी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, कयाक दाखवा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यामुळे कोण उतरतंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं, आणि का असू नये. मला तिथे एका म्हाताऱ्या नावाड्याने सांगितलं, "पावनं, ह्या काठानं खुशाल फिरा, त्या काठाला पाय लावू नका, तिकडं फॉरेस्ट. आन् अकराच्या आत माघारी या." पलीकडे उतरायचं, वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, ती बामणोलीलाच मिळते. त्याच्या त्या दोन वाक्यांत जी माहिती होती ती मला कुठल्याही वेबसाईटवर सापडली नव्हती.

अकराच्या आत का, तर वारा. सह्याद्रीतल्या धरणांवर सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि ऊन चढलं की दरीतून वारा सुटतो. फुगवायची कयाक पाण्यात फार बुडत नाही, सगळी वरच असते, त्यामुळे ती वाऱ्याला पानासारखी लागते. वीस मिनिटांत गेलेलं अंतर परत यायला तास लागू शकतो. मार्च ते मे दुपारनंतर तर नकोच. वळवाचा पाऊस सांगून येत नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगावच्या मध्ये संध्याकाळी वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले, आणि ती रोजच्या येण्याजाण्याची बोट होती, रोजच्या पाण्यातली. त्यामुळे लाईफ जॅकेट घालायचं, बोटीत ठेवायचं नाही. "पोहता येतं मला" हे ज्याने म्हटलं त्याला मी नेत नाही, मग तो सख्खा मेव्हणा का असेना.

जागा शोधायची माझी पद्धत सांगतो. सॅटेलाईट मॅप उघडायचा, धरणाच्या मागच्या टोकाला जायचं आणि सरळ पाण्यात घुसणारा रस्ता शोधायचा. धरण झालं तेव्हा जुने गावरस्ते बुडाले, ते अजून तसेच उतारावरून पाण्यात जातात. फुकटात रॅम्प. गाडी जवळपर्यंत जाते, पायाखाली दगड-मुरूम असतो, चिखल नसतो, आणि जनावरं पाण्यावर आणायची वाट पण तीच असल्यामुळे कुणाच्या बांधावरून जायचा प्रश्न येत नाही. बांध ही फार मोठी गोष्ट आहे, पाण्याची परवानगी असून उपयोग काय जर काठापर्यंतचं शेत दुसऱ्याचं असेल. गाडी लावताना जवळच्या घरात सांगून लावा, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. आणि फोटो कुठल्या महिन्यातला आहे तेही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला धरण काठोकाठ असतं तेव्हा रस्त्यावरून सरळ पाण्यात, त्याच जागी एप्रिलमध्ये पाणी अर्धा किलोमीटर आत गेलेलं असतं आणि मधे गाळ, वरून सुकलेला दिसतो आणि पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत. धरणांचा रोजचा साठा जाहीर होतो, पेपरातही येतो, साठ-सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर मी निघतो. आणखी एक, बऱ्याच जलाशयांचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजायचं आणि लांबून वळसा घालायचा. जाळं फाटलं तर भरून द्यावं लागेल, आणि द्यायलाच पाहिजे.

नद्यांमध्ये कोलाडची कुंडलिका सगळ्यांना माहिती आहे, राफ्टिंगमुळे. मुळशीचं पाणी डोंगराखालून भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून झाली की कुंडलिकेत सोडतात, म्हणून तिथे उन्हाळ्यात पण सकाळी नदीला जोर असतो. म्हणजे नदी निसर्गाच्या नाही, वीजघराच्या टाईमटेबलवर चालते. माझ्यासारख्या फुगवायच्या कयाकवाल्याने तिथे स्वतःची बोट काढू नये, तिथल्या शिकवणाऱ्यांकडे त्यांच्या बोटीत शिकावं. चिपळूणच्या वाशिष्ठीचं पण तसंच, कोयनेचं वीज झालेलं पाणी तिकडे जातं, शिवाय मगरी. लोक तिथे मगर बघायला बोटीने जातात, मग आपण पाण्याच्या लेव्हलला बसून कशाला जायचं.

खाडी हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. तिथे मालक मेरीटाईम बोर्ड, जवळच्या बंदर निरीक्षकाच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, जेट्टीवरच असतं बहुतेक. त्यांना एकट्या कयाकमध्ये फार रस नसतो पण फेरीबोटींच्या वाटेत येऊ नका, खाडीच्या तोंडाबाहेर जाऊ नका एवढं सांगतात. डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या बोटीचा जो अपघात झाला त्यानंतर जॅकेटच्या बाबतीत जेट्ट्यांवर लोक जास्त कडक झालेत, चांगलंच आहे.

परवानगीपेक्षा खाडीत भरती-ओहोटी मोठी साहेब. ॲप आहेत, पण कोळ्यांचा हिशोब ॲपपेक्षा सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरती साधारण तेवढ्या वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना तेच. अंदाजाला पक्कं आहे, वेळ नक्की करायला तक्ता बघा. शिवाय पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी मवाळ. नवख्याने अष्टमी-नवमीच पकडावी. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी उतरायचं, पाण्याबरोबर आत जायचं, वर थोडं रेंगाळायचं आणि ओहोटीच्या सुरुवातीच्या पाण्यावर परत. उशीर केला तर दोन शिक्षा, एक तर तोंडाकडे ओढ आणि दुसरं म्हणजे काठाला चिखल. तारकर्लीला कर्ली नदीत मी देवबागच्या संगमापासून लांबच, वरच्या अंगाला राहतो. संगमावर ओहोटीचं पाणी बाहेर आणि दुपारचे खारे वारे आत, दोघांची टक्कर होते तिथे पाणी नुसतं नाचतं.

कयाक नसेल आणि खारफुटीत फिरायचंच असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही त्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो. मी तिथे जाऊन कयाक गाडीतच ठेवली होती.

पावसाळ्याचं एका दमात सांगतो: किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, आणि धरणं-धबधब्यांवर कलेक्टरचे मनाई आदेश निघतात, पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता नवीन कायद्यात ते कलम १६३ आहे. जिल्ह्याच्या वेबसाईटवर किंवा पेपरात बघून निघा. त्या तीन महिन्यांत मी बोट धुऊन, पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर मारून माळ्यावर टाकतो, ओली ठेवली तर शिवणीला बुरशी धरते.

गोव्याचं विचारणाऱ्या दोघा-तिघांसाठी: तिथे मेरीटाईम बोर्डाच्या जागी कॅप्टन ऑफ पोर्ट्स, ऑफिस पणजीला. चोडणच्या पक्षी अभयारण्यात जायचं तर वनखातं. साळ नदीचं पाणी शांत आहे, तिथे भाड्यानेही कयाक मिळते. कुंभारजुव्याच्या कालव्याचे फोटो सुंदर दिसतात, पण तिथेही मगरी आहेत, तो मोठ्या बोटीतूनच बघा.